छत्तीस सालचा संघ आणि आजचा संघ

६ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने भारताला ३-२ असे हरवले. त्या दिवसापासून जर्मनीतल्या मराठी घरांत एक वाद सुरू झाला आहे आणि तो काही केल्या मिटत नाही. दोन दिवसांनी आपल्या संघाने स्पेनला २-१ ने नमवून ब्राँझपदक मिळवले, तरी वाद थांबला नाही. उलट त्याला अधिकच धार चढली. त्यानंतर आमच्याकडे आलेल्या पत्रांतला सूर साधारण एकच : ध्यानचंदांच्या वेळची टीम असती तर या जर्मनांची काय बिशाद होती! याच भूमीवर, याच जर्मनांना, त्यांच्याच राजधानीत आपण ८-१ ने लोळवले होते; आता ब्राँझ मिळाले म्हणून पेढे वाटायचे काय, असा एका पत्रलेखकाचा रोकडा सवाल आहे.

सवाल रोकडा आहे, म्हणून त्याला उत्तरही रोकडेच द्यायला हवे. पण त्याआधी एक प्रसंग सांगतो. गणेशोत्सवानिमित्त भरलेल्या एका मेळाव्यात आरती-प्रसाद झाल्यावर नेहमीप्रमाणे हॉकीचा विषय निघाला. नागपूरहून मुलाकडे आलेले एक आजोबा छत्तीसचा सामना असा रंगवून सांगत होते, की पुरीभाजीच्या बशा हातातच राहिल्या. त्यांचा चौदा वर्षांचा नातू इथल्या एका क्लबात हॉकी खेळतो. त्याने शांतपणे विचारले, "आजोबा, तुम्ही ती मॅच पाहिली होती का?"

"मी कुठला पाहतोय? माझा जन्म एकेचाळीसचा."

"मग कोणी पाहिली?"

"आमच्या वडिलांनी पेपरात वाचली होती."

सगळे हसले. आजोबाही हसले, पण ते थोडे दुखावल्याचे आमच्या लक्षात आले. नातवाचा हेतू दुखवण्याचा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते, की जी गोष्ट कोणी पाहिली नाही तिच्यापुढे आपण डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट फिकी कशी ठरते. आम्हांस वाटते, प्रश्न रास्त आहे.

तेव्हा आधी छत्तीसचा हिशेब मांडू. बर्लिनच्या ऑलिम्पिकमध्ये हॉकीचे ११ संघ होते. भारताने हंगेरीवर ४, अमेरिकेवर ७, जपानवर ९ आणि उपांत्य सामन्यात फ्रान्सवर १० गोल केले. त्या चार सामन्यांत आपल्यावर एकही गोल झाला नाही. अंतिम सामना १४ ऑगस्टला व्हायचा होता, तो पावसामुळे दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्ट १९३६ रोजी झाला. मैदान ओले होते. मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल होता, तोही रूपसिंगांचा. मध्यंतरानंतर ध्यानचंदांनी पायांतले बूट काढून टाकले आणि पुढे जे झाले त्याने जर्मन प्रेक्षकही थक्क झाले. शेवटी ८-१. एकंदर पाच सामन्यांत ३८ गोल केले, एक झाला. अंतिम सामन्यात ध्यानचंदांचे गोल किती, यावर मात्र पुस्तकांचे एकमत नाही. कोणी तीन लिहितो, कोणी सहा. इतक्या गाजलेल्या सामन्याची ही स्थिती! दंतकथा वाढू लागली, की नोंदवहीकडे कोणी पाहत नाही, याचा हा चांगला नमुना आहे.

आता पॅरिसचा हिशेब. आठ सामन्यांत १५ गोल केले, १२ झाले. सामन्याला साडेसात गोल कुठे आणि दोनाच्याही आत कुठे! एवढ्यावरच निकाल लावायचा असेल तर वाद संपला. पण गोलांच्या बेरजेवरून संघ तोलणे म्हणजे दोन वेगवेगळ्या बाजारांतल्या भावांवरून धान्य तोलण्यासारखे आहे. १९३६ साली ग्रेट ब्रिटनचा संघ ऑलिम्पिकच्या हॉकीत नव्हताच. १९२८ आणि १९३२ सालीही नव्हता. ऑस्ट्रेलिया नव्हती, स्पेन नव्हता, अर्जेंटिना नव्हती. १९३२ साली लॉस एंजेलिसला तर भारत, जपान आणि अमेरिका मिळून तीनच संघ होते. पॅरिसमध्ये आपल्या गटातच बेल्जियम, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना, न्यूझीलंड आणि आयर्लंड होते. त्यांतल्या ऑस्ट्रेलियाला आपण ३-२ ने हरवले. ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवल्याला तेव्हा ५२ वर्षे झाली होती. मागचा विजय १९७२ चा, म्हणजे इथल्या म्युनिकचा!

आणि खेळ तरी तोच राहिला आहे काय? छत्तीसचा सामना गवतावर झाला. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव, मैदानात उतरलेल्या अकरा जणांनीच शेवटपर्यंत खेळायचे, बदली खेळाडू नाही. काठ्या लाकडी. ऑफसाइडचा नियम कडक. चेंडू हाताने अडवण्याची मुभा. आज पाणी मारलेल्या कृत्रिम हिरवळीवर पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग खेळतात. ऑफसाइड कधीच गेला. खेळाडू दर काही मिनिटांनी बाहेर येतात आणि ताजे होऊन परत जातात, त्यामुळे शेवटच्या मिनिटालाही पहिल्या मिनिटाचाच वेग असतो. पेनल्टी कॉर्नरवर हरमनप्रीतसिंगचा ड्रॅगफ्लिक ताशी शंभर किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने येतो आणि चार बचाव करणारे तोंडावर जाळीचे मुखवटे घालून त्याच्या वाटेत धावून जातात. हे दृश्य ध्यानचंदांना दाखवले असते तर त्यांनी कदाचित विचारले असते, की हा कुठला खेळ? उलट हरमनप्रीतला १९३६ च्या ओल्या गवतावर लाकडी काठी देऊन उभे केले असते तर पॅरिसमध्ये केलेल्या त्याच्या दहा गोलांपैकी किती झाले असते, हेही देवच जाणे. ध्यानचंदांची चेंडूवरची हुकमत कोणत्याही काळात हुकमतच राहिली असती, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मात्र ते एकटे होते तसे संघातले सगळेच होते, असे गृहीत धरून आपण वाद घालतो, ही आपली पहिली चूक.

दुसरी चूक याहून मोठी आहे. छत्तीसचा संघ अजिंक्य होता, त्याला भीती म्हणून ठाऊक नव्हती, असे आपण मुलांना सांगतो. हे खरे नाही. निघण्यापूर्वी दिल्लीच्या एका स्थानिक संघाने त्यांना ४-१ ने हरवले होते. बर्लिनला पोचल्यावर १७ जुलैला जर्मनीशी सरावाचा सामना झाला, त्यातही भारत ४-१ नेच हरला. सलामीलाच यजमानांकडून असा मार! व्यवस्थापक आणि कर्णधार यांची झोप उडाली. सगळे ठीक होईल म्हणत ते बसून राहिले नाहीत. आपल्या आघाडीत कुठे खोट आहे हे त्यांनी ओळखले आणि हिंदुस्थानात तार करून अली दारा यांना बोलावून घेतले. दारा विमानाने निघून उपांत्य सामन्याच्या आधी येऊन पोचले आणि अंतिम सामन्यात त्यांनी गोलही केले. १७ जुलैचा ४-१ आणि १५ ऑगस्टचा ८-१ यांच्यामध्ये चारच आठवडे होते. हे चार आठवडे आपल्या कथेत कुठेच नसतात. आमच्या मते सगळ्यात सांगण्यासारखे तेच आहेत.

तुलना करायचीच असेल तर ती इथे करावी. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ब्राँझपदकाच्या सामन्यात जर्मनी ३-१ ने पुढे होती. मध्यंतरापर्यंत आपण ३-३ अशी बरोबरी केली, मग ५-३ आघाडी घेतली, जर्मनीने ती ५-४ वर आणली आणि शेवटच्या काही सेकंदांत त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. गोलात श्रीजेश उभा होता. त्याने तो अडवला आणि ४१ वर्षांनी भारताला हॉकीचे ऑलिम्पिक पदक मिळाले. पुन्हा पॅरिसमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळून तो बाहेर गेला. उरलेली चाळीसहून अधिक मिनिटे दहा जणांनी लढवली, सामना १-१ राखला आणि शूटआउट ४-२ ने जिंकला. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रोहिदास त्याच लाल कार्डामुळे खेळू शकला नाही, हे आमच्या पत्रलेखकांपैकी एकानेही लिहिलेले नाही. सरावातला मार खाऊन उभे राहिलेले ते आणि दहा जणांनी खिंड लढवणारे हे, यांत आम्हांस एकाच जातीची माणसे दिसतात.

आता जर्मनांकडे वळू. त्यांच्या देशात राहून त्यांच्याकडे न पाहणे बरे नव्हे. १९३६ च्या त्या पराभूत, रौप्यपदक मिळवलेल्या संघात एर्विन केलर नावाचे गृहस्थ होते. त्यांचा मुलगा कार्स्टेन केलर १९७२ साली म्युनिकला सुवर्णपदक मिळवणाऱ्या पश्चिम जर्मन संघाचा कर्णधार होता. नातू आंद्रेआस याने १९९२ साली बार्सिलोनात सुवर्ण मिळवले, नात नताशा हिने २००४ साली अथेन्सला, आणि धाकटा नातू फ्लोरिआन याने २००८ साली बीजिंगला. आठ गोल खाल्लेल्या घराण्याने तीन पिढ्यांत चार सुवर्णपदके घरात आणली!

आपल्याकडे काय झाले? ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांनीही ऑलिम्पिक गाठले, आणि तेही म्युनिकचेच. एकाच वर्षी, एकाच शहरात, छत्तीसच्या जेत्याचा मुलगा आणि छत्तीसच्या पराभूताचा मुलगा खेळत होते. आपण उपांत्य सामन्यात पाकिस्तानकडून ०-२ ने हरलो आणि नेदरलँड्सला २-१ ने हरवून ब्राँझ घेतले. पश्चिम जर्मनीने अंतिम सामन्यात पाकिस्तानला मिशाएल क्राउझेच्या एकमेव गोलाने हरवून सुवर्ण घेतले. तीन वर्षांनी, १९७५ साली, क्वालालंपूरला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा विजयी गोल अशोककुमारांनीच केला. त्यानंतर पुरुष संघाला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जाऊन पन्नास वर्षे होत आली तरी मुहूर्त सापडला नाही.

इथे नेहमी एक तक्रार पुढे येते : युरोपियनांनी १९७६ साली माँट्रिअलला कृत्रिम हिरवळ आणली ती आपल्याला हरवण्यासाठीच. त्या ऑलिम्पिकला आपण सातवे आलो, हे खरे. ज्या देशात गावोगावी मातीवर मुले खेळत होती तिथे लाखो रुपयांच्या हिरवळी घालणे अवघड होते, हेही खरे. पण ही तक्रार किती वर्षे चालवायची? १९८० साली मॉस्कोला सुवर्ण मिळाले, तेव्हा बहिष्कारामुळे अनेक बलाढ्य संघ आलेच नव्हते. त्या सुवर्णाने आपल्या डोळ्यांवर पट्टीच बांधली. २००६ साली इथे म्योन्शनग्लाडबाखला विश्वचषक झाला तेव्हा भारत बारा संघांत अकरावा आला. आमच्या वाचकांपैकी काही जण तिरंगे घेऊन तिथे गेले होते, ते कसे परत आले हे त्यांनाच विचारावे. २००८ साली बीजिंगसाठी पात्रताही मिळाली नाही आणि २०१२ साली लंडनला आपण शेवटचे, बारावे आलो. त्या तळातून हा संघ वर आला आहे. लागोपाठ दोन ऑलिम्पिकांत पदक याआधी आपल्याला मिळाले होते ते १९६८ आणि १९७२ साली. म्हणजे मधली चाळीसहून अधिक वर्षे आपण छत्तीसची गोष्ट सांगत बसलो होतो आणि मैदाने मात्र दुसऱ्यांनी घातली. अलीकडे ओडिशा सरकारने २०१८ पासून राष्ट्रीय संघांना आश्रय दिला, भुवनेश्वर आणि राउरकेला इथे उत्तम मैदाने उभी राहिली. याच्यापुढे आपल्या महाराष्ट्राने काय केले, असा प्रश्न विचारला तर उत्तर देताना घसा खाकरावा लागतो.

आणखी एक गोष्ट आज स्पष्ट लिहावीशी वाटते. छत्तीसच्या सामन्याची कथा सांगताना तिच्या शेवटी एक शेपूट असतेच : हिटलरने ध्यानचंदांचा खेळ पाहून त्यांना बोलावले, जर्मन सैन्यात मोठा हुद्दा देऊ केला, आणि ध्यानचंदांनी तो बाणेदारपणे नाकारला. कोणी कर्नल म्हणतो, कोणी थेट फील्ड मार्शलपर्यंत नेतो. ध्यानचंदांनी १९५२ साली 'गोल' नावाचे आत्मचरित्र लिहिले, त्यात हा प्रसंग नाही. एवढी मोठी गोष्ट घडली असती तर ज्याच्या बाबतीत ती घडली तोच ती विसरला असता काय? भारतात ही कथा सांगताना कोणाला काही वाटत नाही. इथे वाटते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने ती इथल्या शाळेत वर्गापुढे मोठ्या अभिमानाने सांगितली, आणि वर्ग एकदम गप्प झाला. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिला बाजूला घेऊन एवढेच विचारले, की त्या माणसाच्या शाबासकीने तुमच्या खेळाडूची किंमत वाढते असे तुला का वाटते? मुलीला उत्तर देता आले नाही. ती घरी येऊन रडली आणि आईवडिलांनाही उत्तर देता आले नाही.

आम्हांस तरी देता येईल काय? ज्या ऑलिम्पिकमध्ये ग्रेटेल बेर्गमान या ज्यू तरुणीला, तिने उंच उडीत १.६० मीटरच्या जर्मन विक्रमाची बरोबरी केली असूनही, स्पर्धेच्या काही दिवस आधी संघातून वगळले गेले, त्याच ऑलिम्पिकच्या यजमानाचे प्रशस्तिपत्र आपण ध्यानचंदांच्या गळ्यात अडकवतो. त्यांना त्याची गरज नाही. त्या दिवशीच्या सामन्यात अभिमान वाटावा असे दुसरे काही आहे, आणि ते खरे आहे. अंतिम सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत संघाबरोबर आलेल्या पंकज गुप्तांनी काँग्रेसचा तिरंगा काढला आणि पारतंत्र्यातल्या त्या खेळाडूंनी त्याला वंदन केले. बाहेर मैदानावर ब्रिटिश साम्राज्याचा झेंडा होता. अकरा वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. मुलांना सांगायचेच असेल तर हे सांगावे.

बरे, तो संघ 'आपला' होता म्हणजे कोणाचा होता? त्यात ध्यानचंद-रूपसिंग हे झाशीचे भाऊ होते, पण अॅलन, टॅपसेल, मिची, गॅलिबार्डी, एमेट, कलन असे अँग्लो-इंडियन होते, मसूद, जाफर, दारा, शहाबुद्दिन, अहमद शेरखान असे मुसलमान होते, गुरचरणसिंग होते. फाळणीनंतर हेच दारा १९४८ साली लंडनला पाकिस्तानचे कर्णधार म्हणून उतरले. अँग्लो-इंडियनांपैकी पुष्कळ कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली आणि त्यांच्याबरोबर हॉकीही गेली. म्हणजे छत्तीसचा संघ परत आणायचा म्हटले तरी आणता येणार नाही. तो ज्या देशाचा होता तो देशच तीन ठिकाणी वाटला गेला आहे. त्या संघाचा गोलरक्षक रिचर्ड अॅलन, १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन सुवर्णपदके मिळवणारा, जन्माने नागपूरचा होता. मेळाव्यातल्या नागपूरच्या आजोबांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते क्षणभर पाहतच राहिले. "आमच्या नागपूरचा? आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही!" म्हणाले. कोण सांगणार? अॅलन हे नाव आपल्याला आपले वाटत नाही, एवढेच त्याचे कारण.

मराठी माणसाचे छत्तीसच्या बर्लिनशी नाते आहे, पण आपण समजतो तिथे नाही. अंतिम सामन्याच्या प्रेक्षकांत बडोद्याचे सयाजीराव गायकवाड होते. त्यांच्या राज्यात व्यायामशाळांना किती आधार होता, हे सांगायला नको. आणि त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला आले होते. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. वऱ्हाडातल्या त्या तरुणांनी परक्या मुलखात आपले देशी व्यायाम आणि कबड्डी करून दाखवली. पदकतक्त्यात त्यांचे नाव नाही. त्यांच्या कथेलाही हिटलरच्या कौतुकाचे शेपूट कोणी कोणी जोडतात, ते आम्ही इथेच सोडून देतो. पण १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले, त्याच्या चौपन्न वर्षे आधी हा खेळ युरोपच्या डोळ्यांपुढे आणणारी मुले आपल्या अमरावतीची होती, हे विसरता येत नाही.

सहज आठवले म्हणून सांगतो : १९७२ साली म्युनिकपाठोपाठ नव्हे, तर त्याच्या आधी ऑगस्टमध्येच हायडेलबर्गला अपंगांचे ऑलिम्पिक झाले. त्यात सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. पासष्टच्या युद्धात गोळ्या झेललेला हा जवान. आमच्यापैकी कितीजण हायडेलबर्गचा किल्ला पाहून आले, फोटो काढून आले, पण हे नाव २०१८ साली पद्मश्री मिळेपर्यंत किती जणांना ठाऊक होते?

हॉकीपुरते बोलायचे तर खडकीच्या धनराज पिल्लेने चार ऑलिम्पिक खेळली आणि २००२ साली इथे कोलोनला चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत चौथा येऊनही स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्याच्यानंतर? टोकियो आणि पॅरिसच्या दोन्ही संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. पंजाबच्या, हरियाणाच्या, ओडिशाच्या, मणिपूरच्या मुलांनी मिळवलेल्या पदकाला आपण सोफ्यावर बसून 'नुसतं ब्राँझ' म्हणतो, तेव्हा आपण स्वतः काय खेळवले हे एकदा तपासावे.

आता पुन्हा त्या चौदा वर्षांच्या नातवाकडे येतो, कारण या वादात खरे नुकसान त्याचे होते आहे. तो उन्हाळ्यात मैदानावर आणि हिवाळ्यात सभागृहातली हॉकी खेळतो. त्याच्या क्लबात आई-वडील आळीपाळीने मुलांना सामन्याला नेतात, केक विकून नव्या जाळ्यांसाठी पैसे उभे करतात, पन्नाशीचे गृहस्थ कामावरून सुटल्यावर विनामोबदला आठ वर्षांच्या पोरांना काठी धरायला शिकवतात. केलर घराणे अशाच क्लबांतून आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन संघ दिल्लीला ध्यानचंदांचेच नाव असलेल्या स्टेडियमवर दोन सामने खेळला. पहिला जर्मनीने २-० ने जिंकला, दुसरा भारताने ५-३ ने, आणि शूटआउट जर्मनीने ३-१ ने. हे सामने या मुलाने शाळा सांभाळून पाहिले. कोणाच्या बाजूने, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "पहिल्या दिवशी जर्मनी, दुसऱ्या दिवशी इंडिया." आजोबांना हे उत्तर पटले नाही. घरात दोन दिवस अबोला होता म्हणे.

आमचे मत विचाराल तर मुलाचे उत्तर प्रामाणिक आहे. त्याचे प्रशिक्षक जर्मन आहेत, मित्र जर्मन आहेत, आणि हॉकीचे वेड मात्र आजोबांच्या गोष्टींनीच लावले आहे. त्याला छत्तीसच्या ८-१ ने रोज बडवले, तर तो एक तर हॉकी सोडील किंवा गोष्ट ऐकणे सोडील. दोन्हींत आपलेच नुकसान. त्याला १७ जुलैचा पराभव सांगावा, तार सांगावी, ओले गवत सांगावे, नागपूरचा अॅलन आणि अमरावतीची मुले सांगावीत. तो नक्की ऐकेल, कारण त्यातले हरणे-सावरणे त्याला दर रविवारी भोगावे लागते. आणि आजोबांनीही एखाद्या रविवारी त्याच्या सामन्याला जाऊन कुंपणाजवळ उभे राहावे. थंडी असते, मफलर घ्यावा.

जाता जाता एक विनंती. १९७२ साली म्युनिकला भारताचे सामने प्रत्यक्ष पाहिलेले मराठी वाचक इथे अजून असतील. त्यांनी आपल्या आठवणी थोडक्यात, कागदाच्या एकाच बाजूला लिहून आमच्याकडे पाठवाव्यात. अमरावतीच्या १९३६ च्या पथकातल्या कोणाचे नातेवाईक जर्मनीत असतील, आणि त्यांच्याजवळ त्या प्रवासाचे छायाचित्र, पत्र किंवा ओळखपत्र असेल, तर त्यांनी अवश्य कळवावे. मूळ वस्तू टपालाने पाठवू नयेत. आमचा माणूस येऊन प्रत करून घेईल.